वर्गातील सराव की द्राक्षबागेतील शिबिर: फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांसाठी तुलना

शोधनिबंधांचे सामूहिक वाचन किंवा कौशल्य-प्रयोगशाळेतील सराव अशा वर्गातील पूरक उपक्रमांत चुकण्याची मुभा असते. गोनिओमीटरचा (सांध्याची हालचाल अंशांत मोजणाऱ्या कोनमापकाचा) मध्यबिंदू सांध्याच्या अक्षावर नेमका आला नाही, तर शिक्षक तिथेच थांबवतात. मात्र मोजमाप होते ते सहाध्यायाच्या निरोगी खांद्याचे, जो विनातक्रार 180 अंशांपर्यंत वर जातो.

नाशिकजवळच्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यातील मजुरांच्या तपासणी शिबिरात असा खांदा क्वचितच भेटतो. ऑक्टोबरची छाटणी आणि पुढची विरळणी (घडातील जादा मणी काढणे) करताना मजूर तासन्‌तास मांडवाखाली हात डोक्याच्या वर धरून उभे असतात. त्यामुळे खांद्याच्या कंडरांवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या पट्ट्यांवर) ताण येतो आणि सतत वर पाहण्याने मानही धरते. रोजंदारीवर जगणाऱ्या बाईला ‘आठवडाभर विश्रांती घ्या’ असे सांगता येत नाही, हे विद्यार्थ्याला येथेच उमगते. मग उभे राहायला पाट, कामांची अदलाबदल, जेवणाच्या सुट्टीत जमतील असे दोनच व्यायाम, असा मार्ग काढावा लागतो. शिबिराची उणीव, आणि ती लहान नाही, म्हणजे फेरतपासणी बहुधा होत नाही.

सुरुवातीच्या वर्षांत वर्गातील सराव आणि रुग्ण तपासू लागल्यावर शिबिर, हा क्रम मला योग्य वाटतो. बागेत मात्र छाटणी-विरळणीच्या हंगामातच जावे, अन्यथा दुखण्याचे कारण असलेले काम प्रत्यक्ष पाहायला मिळत नाही.