अर्धवट बांधलेलं लाकडी विमान विकत घेताय? आधी हे वाचा

‘पीटनपोल एअर कॅम्पर. सत्तर टक्के काम पूर्ण. पंख तयार, आतल्या केबलचं रिगिंग झालेलं, फक्त कापड चढवायचं बाकी. शेड रिकामी करायची आहे.’ अमेरिकेत हौशी विमानं बांधणाऱ्यांच्या जगात अशा जाहिराती वर्षभर येत असतात. बहुतेक खऱ्या असतात. मी जिच्यावरून सांगाडा घेतला ती जाहिरात खरी नव्हती, आणि तिच्यात माझे साडेपाच हजार डॉलर अडकले. इथल्या दोन-तीन मराठी मित्रांनी नुकतंच ‘असा एखादा सांगाडा घ्यावा का’ असं विचारलं. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

ज्यांना हे विमान माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह या खेड्यातल्या बर्नार्ड पीटनपोल यांनी १९२९ च्या सुमारास फोर्डच्या मॉडेल-ए मोटारीचं इंजिन लावून हे उडवलं. पुढेमागे दोन माणसं बसतात, पंख डोक्यावर. नकाशे १९३२ मध्ये छापून आले आणि लोक आजही त्यावरून विमानं बांधतात, कारण सांगाडा बहुतांश स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचा आहे आणि सुतारकाम येणारा माणूस गॅरेजमध्ये तो उभा करू शकतो. सुरुवात करणारे पुष्कळ, पुरं करणारे मोजके. मग मुलं होतात, बदली होते, गुडघे दुखायला लागतात आणि सांगाडा विकायला निघतो. त्यात गैर काहीच नाही. दुसऱ्याने सुरू केलेलं काम आपण पुरं केलं तर सरकारलाही चालतं, फक्त आधीचं कामही हौसेखातरच झालेलं असावं लागतं.

मी ओहायोत राहतो, विकणारा शेजारच्या इंडियानातला. माणूस गोड. वडिलांनी हौसेने बांधायला घेतलं होतं, ते गेले, आता आईला जागा हवीय, असं सगळं. खोकं भरून कागद होते: नकाशे, फोटोंची जाड फाइल, एका नामांकित पुरवठादाराकडून सिटका स्प्रूस घेतल्याचं जुनं बिल. लाकडाचा एक उरलेला तुकडाही त्याने माझ्या हातात ठेवला. वाढीची वलयं दाट, रेषा सरळ, गाठ एकही नाही. तुकडा अस्सलच होता. पंखांवर पारदर्शक वार्निश, तेही सुरेख. स्पार म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणारी मुख्य तुळई. तिची टोकं मात्र राखाडी इपॉक्सीने झाकलेली होती. ‘टोकाकडून लाकूड पाणी पितं, म्हणून सील केलंय,’ तो म्हणाला. हेही खरंच आहे, टोकं सील करतातच. अशा माणसाची प्रत्येक सबब पुस्तकातली असते, हे लक्षात ठेवा.

घरी आणल्यावर पंखाच्या चौकटी काटकोनात आहेत की नाहीत ते तपासायला घेतलं. पुढचा-मागचा स्पार आणि आडव्या दांड्या यांच्यामुळे पंखात चौकोनी कप्पे होतात आणि प्रत्येक कप्प्यात फुलीसारख्या दोन केबल ताणलेल्या असतात. दोन्ही कर्ण सारखे आले की कप्पा सरळ. याला ट्रॅमेल करणं म्हणतात आणि ते ‘करून दिलंय’ असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. दुसऱ्याच कप्प्यात कर्ण जुळेनात. टर्नबकल, म्हणजे केबल ताणायचा पेच, थोडा आवळला. केबल ताणली जाण्याऐवजी तिचं टोक स्लीव्हमधून हळूहळू मागे सरकायला लागलं. मी थांबलो, परत फिरवलं, पुन्हा तेच.

केबलचं टोक वळवून लूप करायचा आणि त्यावर तांब्याची अंडाकृती स्लीव्ह विशिष्ट पकडीने दाबायची, ही निकोप्रेसची पद्धत. दाबल्यावर मापपट्टीच्या खाचेतून ती स्लीव्ह गेली पाहिजे, नाही गेली तर दाब कमी पडलाय. ३/३२ इंची केबल जवळजवळ हजार पौंडाला तुटते, पण नीट न दाबलेल्या स्लीव्हमध्ये ती माणसाच्या हाताच्या जोरानेही सरकते. माझी स्लीव्ह खाचेतून गेली नाही. किल्लीने खरवडली तर तांबूस रंग निघून खालून पांढरा धातू दिसला. ॲल्युमिनियमची स्लीव्ह, वर तांब्याच्या रंगाचा फवारा! स्लीव्ह कमी दाबली जाणं मी निष्काळजीपणा समजलो असतो. तिला रंग देणं हा काही निष्काळजीपणा नव्हे.

मग आमच्या ईएए चॅप्टरमधल्या टेक्निकल काउन्सेलरला बोलावलं. ईएए ही हौशी विमानबांधणीची संस्था पॉल पोबरेझनी यांनी १९५३ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये सुरू केली. तिचे हे सल्लागार बहुतेकदा स्वतः विमानं बांधलेले असतात आणि फुकट येऊन काम तपासून देतात. आमच्याकडे आलेले सल्लागार म्हणजे ऐंशीच्या घरातले आजोबा. आल्यावर त्यांनी पंखाकडे पाहिलंच नाही, आधी बोल्टांची डोकी बघितली. विमानाच्या पोलादी एएन (आर्मी-नेव्ही मानकाच्या) बोल्टच्या डोक्यावर उठावदार फुलीची खूण असते. बाहेरून दिसणाऱ्या सगळ्या बोल्टांवर ती होती. आरसा घालून आतले पाहिले तर डोकी कोरी. कोपऱ्यावरच्या दुकानातले, कशाचीच खूण नसलेले. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तो हाच.

आजोबांनी पटाशी मागितली. रिब म्हणजे पंखाला आकार देणारी फासळी. तिच्या सांध्यावर दोन्ही बाजूंनी प्लायवुडचे छोटे तुकडे चिकटवलेले असतात, गसेट म्हणतात त्यांना. एका गसेटच्या कडेला त्यांनी पटाशी लावली आणि तो तुकडा वाफ दिलेल्या पाकिटावरचं तिकीट सुटावं तसा अलगद सुटून आला. ‘बघ,’ म्हणाले, ‘कुठेतरी लाकडाचा तंतू दिसतोय का?’ नव्हता. दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत, मध्ये पिवळट रबरासारखा थर. चांगला सांधा मोडला तर लाकूड फाटतं, सरस सुटत नाही. विकणाऱ्याने टी-८८ हे विमानाच्या लाकूडकामात वापरतात ते इपॉक्सी सांगितलं होतं. हा फर्निचरचा पिवळा सरस होता, जो सततच्या भाराखाली हळूहळू सरकतो आणि उन्हात नरम पडतो. उन्हात उभ्या विमानाचा पंख किती तापत असेल, विचार करा.

शेवटी स्पार. मुळाशी जिथे लोखंडी पट्ट्या बसतात तिथे मजबुतीसाठी प्लायची जाड पट्टी चिकटवलेली होती. ती उचकटली. खाली, रंधा न मारलेल्या पृष्ठभागावर, अर्धवट कापला गेलेला काळा शिक्का: एस-पी-एफ. हा घरबांधणीच्या लाकडावरचा प्रतवारीचा शिक्का असतो, म्हणजे स्प्रूस, पाइन, फर यांपैकी काहीही. भिंतीच्या चौकटीसाठी मिळणारी जाड फळी उभी चिरून त्याने स्पार बनवला होता. राखाडी इपॉक्सी खरवडल्यावर टोकाला वलयंही मोजता आली, इंचाला चार. विमानासाठी सिटका स्प्रूसला किमान सहा लागतात. रेषांचा उतारही १५ ला १ पेक्षा जास्त तिरका नको असतो. आजोबांनी वार्निश घासून उघड्या लाकडावर फाउंटन पेनातल्या शाईचा थेंब सोडला. शाई रेषेच्या दिशेने पसरते, ही जुनी युक्ती. थेंब सरळ न जाता स्पारच्या कडेकडे निघाला. ते मला सुतारकाम शिकवत असल्याच्या शांतपणे सगळं करत होते, राग फक्त मलाच येत होता.

आता फाइल. अमेरिकेत हौशी गटात विमानाला प्रमाणपत्र हवं असेल तर निम्म्याहून जास्त काम हौसेने, शिकण्यासाठी किंवा करमणुकीसाठी केलेलं असलं पाहिजे. याला सगळे ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. त्याचा पुरावा म्हणजे बांधणीची नोंदवही आणि फोटो. माझ्या फाइलमधले फोटो जवळून काढलेले, सुंदर. पण एका फोटोच्या कोपऱ्यात पंख दिसतो, आणि तो सलग एकाच तुकड्याचा आहे. पीटनपोलचा पंख एका तुकड्यात किंवा तीन तुकड्यांत बांधता येतो. माझा तीन तुकड्यांचा. म्हणजे फोटो दुसऱ्याच कोणाच्या विमानाचे. वडिलांची गोष्ट खरी की तीही उसनी, देव जाणे.

मी फोन केला तर उत्तर मिळालं, ‘जसं आहे तसं विकलंय, पावतीवर लिहिलंय.’ पोलिसांनी हा दिवाणी मामला म्हणून हात झटकले. ‘जसं आहे तसं’ या शब्दांनी जाणूनबुजून सांगितलेलं खोटं झाकलं जात नाही, हे मला एका वकील मित्राकडून कळलं. म्हणून त्याच्या जिल्ह्यातल्या स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, दावा लावला, सोबत शिक्क्याचा फोटो आणि आजोबांचं लेखी टिपण. सुनावणीआधीच तो तडजोडीला आला आणि दोन हजार डॉलर परत केले. बाकीचे गेले. पंखांतून वापरण्याजोगं निघालं ते टर्नबकल आणि फुलीवाले बोल्ट.

भारतातूनही विचारणा होतेच. कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेलं विमान २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी पाहिलं तेव्हापासून जरा जास्तच. ते विमान धातूचं, आणि त्याच्या नोंदणीसाठी त्यांनी किती वर्षं खेटे घातले ते सगळ्यांना माहीत आहे. ‘तिकडून तयार पंख कंटेनरमध्ये घालून पाठव’ असं मला कोणी सांगू नये. फोटोवरून लाकूड विकत घेण्याइतका पैसा मलाही नाही, तुम्हालाही नसावा.

स्पारची टोकं उघडी दाखवायला सांगा, मुळाशी बसलेल्या पट्ट्या काढायला सांगा, एक गसेट तुमच्या पटाशीने काढू देतो का विचारा. नवा गसेट बसवायला तासभर लागतो, त्यामुळे प्रामाणिक माणूस कुरकुर करेल पण काढू देईल. विकणाऱ्याला पैसे देण्याच्या आधी काउन्सेलरला घेऊन जा, आरसा, टॉर्च आणि निकोप्रेसची मापपट्टी खिशात ठेवा. गडद किंवा अपारदर्शक रंग दिलेला स्पार असेल तर तिथूनच गाडी वळवा. लाकडावर पारदर्शक वार्निश मारतात ते तपासता यावं म्हणूनच. आणि लाकूड कोणतं, सरस कोणता, बोल्ट कोणते, नोंदी कोणाच्या, हे ईमेलवर विचारून लेखी उत्तर घ्या. माझ्याकडे ‘सगळं सिटका स्प्रूस, सगळे बोल्ट एएन’ असं लिहिलेला त्याचा एकच ईमेल होता, आणि ते दोन हजार त्याच ईमेलमुळे आले.