कोर्टाचा दंड मी चिकन सेंटरच्या खात्यावर भरला

आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी शहाणपण शिकवायला नको. हो, प्यायलो होतो. हो, गाडी चालवत होतो. त्याची शिक्षा कोर्टाने दिली आणि ती मी भोगली. हे लिहितोय ते त्याच्या मधे जे घडलं त्याबद्दल. शहराचं नाव टाकत नाही, बायकोने तंबी दिली आहे. नातेवाइकांत अजून सगळ्यांना माहीत नाही.

7 डिसेंबर 2024, शनिवार. मेहुण्याच्या चुलतभावाची हळद. कार्यालयापासून घर दोन किलोमीटरसुद्धा नाही, म्हणून स्कूटर काढली. (रिक्षावाला त्या वेळी 150 मागत होता. हे दीडशे रुपये मी आयुष्यभर विसरणार नाही.) पुलाच्या तोंडाशी नाकाबंदी. फुंकायला लावलं, मशीनवर 74 आकडा आला. मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची, म्हणजे वाद घालायला जागाच नव्हती. सरकारी दवाखान्यात तपासणी, मोटार वाहन कायद्याचं कलम 185, लायसन्स जमा, स्कूटर मेहुण्याच्या ताब्यात. हातात एक कागद: मंगळवारी 10 तारखेला कोर्टात हजर राहा. मी हवालदाराला विचारलं, "साहेब, तिथे जाऊन नेमकं काय करायचं?" तो म्हणाला, "जायचं. सांगतील तिथं." एवढंच मार्गदर्शन मिळालं.

रविवार-सोमवार मोबाईलवर कायदा वाचण्यात गेले. पहिल्या गुन्ह्याला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी 2 वर्षांपर्यंत किंवा 15,000. माणसाला त्यातलं फक्त "कैद" दिसतं. मी पतसंस्थेत आहे, वसुली विभागात, एकोणीस वर्षं झाली. पोलिसांचं लफडं कळलं तर संचालक मंडळ काय म्हणेल, हेच डोक्यात. मुलगा दहावीला. त्या दोन रात्री मी धड झोपलो नाही, आणि झोप न झालेला माणूस कुणालाही वकील समजतो.

मंगळवारी कोर्टाच्या फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर तो भेटला. पांढरा शर्ट, काळी पँट, काखेत लाल दोरीने बांधलेल्या फायली. माझ्या हातातला कागद लांबूनच बघून म्हणाला, "एकशे पंच्याऐंशी ना दादा? टेन्शन घेऊ नका, रोजची दहा असतात." टपरीवाला त्याला "वकीलसाहेब" म्हणत होता. आत जाणारे दोन खरे काळे कोट त्याच्याशी हसून बोलले. मग मी काय त्याची सनद मागायची होती?

हो, मागायची होती. सनद क्रमांक विचारा. खरा वकील तोंड वाकडं करेल पण सांगेल.

पहिले 4,500 रोख घेतले, "वकीलपत्र आणि स्टॅम्प". वकीलपत्र म्हणून ज्यावर माझी सही घेतली त्यावर वकिलाच्या नावाची जागा कोरी होती. नंतर आत जाऊन वीस मिनिटांनी घाम पुसत बाहेर आला. "साहेब आज लई कडक आहेत. तुम्ही आत येऊच नका, तोंड बघितलं की आत टाकतील. मी कबुली लिहून देतो, दंड भरतो, विषय संपला. दहा हजार पाचशे."

आता इथे नीट वाचा. मी दोन दिवस कायदा वाचला होता. दंड 10,000 आहे हे मला पाठ होतं. त्याने 10,500 मागितले आणि मी "वरचे पाचशे कसले" एवढंसुद्धा विचारलं नाही. मनात स्वतःच उत्तर दिलं, पावतीचा खर्च असेल.

आणि मग तो क्षण, ज्यासाठी मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली आहे. माझ्याकडे तेवढी रोकड नव्हती. त्याने फायलीच्या आतून प्लास्टिकमध्ये घातलेला क्यूआर काढला. मी स्कॅन केला. रक्कम टाकली. वर नाव आलं, अमुकतमुक चिकन सेंटर. शेजारी कोंबडीचं चित्र. कोर्टाचा दंड आणि कोंबडी! बोट पिनवर थांबलं, हे मला लख्ख आठवतंय. मी विचारलं, "हे चिकन सेंटर?" तो न बिचकता म्हणाला, "मेव्हण्याचं आहे. सरकारी खात्याला डायरेक्ट घेत नाहीत ना दादा, मी आत रोख भरतो." मागून कुणीतरी "पुकारा झाला, पुकारा झाला" म्हणत पळालं, तो म्हणाला "लवकर करा", आणि मी पिन टाकला.

कर्जदाराने भावाच्या खात्यावरून हप्ता भरला तर मी त्याला तीन कागद मागतो. आणि स्वतःच्या बाबतीत कोंबडीला पिन दिला.

दुपारी पावती आली. पिवळी, गोल शिक्का, "न्यायदंडाधीकारी" असा दीर्घ धी. खटला क्रमांकाची जागा रिकामी. आता खरी पावती माझ्याकडे आहे, त्यावर खटल्याचा एससीसी क्रमांक छापलेला आहे, म्हणून फरक कळतो. तेव्हा मी शिक्का बघून ती देवघरात ठेवली. अक्षरशः देवघरात, गणपतीच्या फोटोमागे.

पुढच्या आठवड्यात फोन. लायसन्स निलंबित होणार, थांबवायचं तर 6,000. त्याच क्यूआरवर दिले. मग आरटीओतून लायसन्स "सोडवायला" 1,800 रोख. एकूण 22,800. लायसन्स "टपालाने येतंय" ते कधी आलंच नाही. जानेवारीच्या शेवटी त्याचा फोन लागेनासा झाला. मी स्वतःची समजूत काढली, कामात असेल.

22 एप्रिल 2025. सकाळी साडेआठ. सोसायटीच्या फाटकावर कॉन्स्टेबल, हातात जामीनपात्र वॉरंट, वॉचमनला माझा फ्लॅट विचारतोय. जिन्यात तीन घरांची दारं उघडी. मी त्याला देवघरातली पावती दाखवली. तो वाचत होता आणि त्याचे ओठ हलत होते, हसू दाबत होता. "साहेब, हे कुठून छापून आणलं?" 10 डिसेंबरपासून मी कोर्टाच्या कागदावर गैरहजर होतो. माझी कबुली, माझा दंड, काहीच तिथे पोचलं नव्हतं.

हे घरबसल्या कळलं असतं. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर नावाने किंवा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांकाने शोधलं की खटल्याची स्थिती आणि पुढची तारीख दिसते. माझ्यापुढे "प्रलंबित" लिहिलेलं होतं. चार महिने!

मग खरा वकील केला, 5,000. वॉरंट रद्द करण्याचा अर्ज, त्याचा खर्च 500. पुकारा झाल्यावर उभा राहिलो. न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का, कुणाच्या दबावाखाली बोलत नाही ना. मी "कबूल आहे" म्हणालो. 10,000 दंड. सगळं मिळून चार-पाच मिनिटं. कुणी आत टाकलं नाही, कुणी ओरडलं नाही. ज्या खोलीला मी इतका घाबरलो तिथे एक पंखा किरकिरत होता आणि कारकून डबा कधी खायचा ते बघत होता. वकिलाने मात्र आधी बजावलं होतं: कबुली म्हणजे दोष सिद्ध, नोंद राहते, पुन्हा सापडलात तर दुसरा गुन्हा धरतील. हेच त्या टपरीवरच्याने सांगायला हवं होतं. लायसन्स आरटीओने 3 महिने निलंबित केलं ते केलंच, 6,000 घालून काही वाचलं नाही.

हिशोब: 22,800 अधिक 15,500, बरोबर 38,300. पहिल्याच दिवशी सरळ आत जाऊन उभा राहिलो असतो तर 10,000. हा दंड रस्त्यावर किंवा मधल्या माणसाकडे तडजोडीने मिटतच नाही. कलम 185 तडजोडीच्या यादीतच नाही, कोर्टाची पायरी चढावीच लागते. "आत येऊ नका" म्हणणारा माणूस चोर आहे, एवढं लक्षात ठेवा.

आता तक्रारीचं ऐका. कोर्ट ज्या ठाण्याच्या हद्दीत येतं तिथे गेलो. अधिकारी म्हणाले, "तुम्ही मॅनेज करायलाच गेला होता ना? मग तुमच्यावरपण घ्यावं लागेल." मी म्हणालो, वकील समजून फी दिली. ते म्हणाले, "आणि ते सहा हजार?" मी गप्प बसलो. त्याचं उत्तर अजूनही माझ्याकडे नाही, फक्त एवढंच की मी घाबरलो होतो. माझ्या घराजवळच्या ठाण्यात गेलो तर, "घटना तिकडची, हद्द तिकडची." मी झीरो एफआयआर म्हटलं, नवीन कायद्यात तसं लिहिलंय म्हटलं. "ते मोठ्या गुन्ह्याला," असं उत्तर. फसवून पैसे काढणं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 318(4), दखलपात्र. तो कागद मी छापून नेला होता. त्यावर त्यांनी चहाचा कप ठेवला. शेवटी पाचव्या खेपेला साध्या अर्जावर पोच मिळाली, गुन्हा नाहीच.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन केला. तक्रार क्रमांक मिळाला, नंतर सांगितलं की समोरासमोर बसून दिलेत, हे सायबर नाही. मग ते कोंबडीचं खातं काय माझ्या आजोबांचं होतं? बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय, व्यवहार यशस्वी आहे. (पैसे गेले की 1930 ला त्याच तासात फोन करा. चार महिन्यांनी कुणाच्या खात्यात काही शिल्लक राहत नाही.) बार कौन्सिलकडे जायचं तर तो सनदधारक वकील असावा लागतो, हा तर नुसताच दलाल. दलालांसाठीही कायदा आहे बरं का, 2023 मध्ये दुरुस्ती झाली: यादीत नाव असलेल्या दलालाला 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड. पाचशे! माझ्या वॉरंटचा खर्चसुद्धा तेवढाच होता. यादी आहे का म्हणून कोर्टातल्या कारकुनाला विचारलं. "कसली यादी?" मग म्हणाला, "बोर्ड लावलाय ना, दलालांपासून सावध राहा." बोर्ड खरंच होता. लोखंडी कपाटाच्या मागे, "पासून सावध" एवढीच अक्षरं बाहेर.

ज्यांच्याकडे वकिलाचे पैसे नाहीत त्यांनी 15100 लावा, विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक आहे. त्यांची खोली बहुतेक त्याच आवारात असते. मी तिच्या दारावरून दोनदा गेलो होतो, पाटी वाचायचं सुचलं नाही.

दंड भरला त्या दिवशी बाहेर पडताना तो दिसला. तीच टपरी, त्याच फायली. समोर विशी-बाविशीचं एक पोरगं, हातात हेल्मेट, मोबाईल त्या क्यूआरवर धरलेला. मी जवळ जाऊन म्हणालो, "बाळा, नाव वाच आधी." पोरगं म्हणालं, "काका, तुमचं काय जातंय?" मीच वाकून वाचलं. या वेळी मोबाईल रिपेअरिंग होतं.

पोराने पिन टाकला. त्या दलालाने माझ्याकडे बघून ओळखीचं हसू दिलं.

माझ्याकडे दोन्ही व्यवहारांचे स्क्रीनशॉट, खोटी पावती आणि अर्जाची पोच आहे. कोंबडीच्या चित्राच्या खात्यावर आणखी कुणी कोर्टाचा दंड भरला असेल तर मला कळवा. एकट्याच्या अर्जावर कप ठेवतात, पाच-सहा जणांच्या अर्जाला निदान टेबल तरी मोकळं करावं लागेल.