पॅनारू, स्कोअरी, क्लेबोरेट: बरेच महिने वापरल्यावरचं मत

काम एवढंच की क्लेबसिएला न्यूमोनिए या जिवाणूचे रक्तातून आलेले आणि शौचातून आलेले स्ट्रेन समोरासमोर ठेवायचे आणि आजार करणाऱ्यांकडे जास्तीचे जीन कोणते ते बघायचं. ही सगळी टूल्स (जीनोम तपासणारी सॉफ्टवेअर्स) फुकट, कोंडा या पॅकेज मॅनेजरने इन्स्टॉल होतात, कधीकधी रडवून.

कुठल्या स्ट्रेनमध्ये कोणते जीन आहेत याचं टेबल बनवायला आधी रोअरी होतं. 2015 चं, अजूनही सुसाट पळतं, पण शॉर्ट रीडच्या (डीएनएच्या छोट्या वाचनांतून जोडलेल्या) असेंब्लीत कॉन्टिग, म्हणजे जोडलेला सलग तुकडा, मध्येच तुटतो आणि एकाच जीनचे दोन तुकडे दोन वेगळे जीन म्हणून मोजले जातात, आणि आता त्याला सपोर्टही नाही. पॅनारू शेजारचे जीन बघून असे तुकडे जोडतं. वेळ जास्त खातं, चालेल.

त्याचं टेबल स्कोअरीला (कोणता जीन कुठल्या गटाशी जुळतो ते शोधणारं टूल) द्यायचं, सोबत कुठला स्ट्रेन कुठून आला त्याची 0/1 ची फाइल. इथे जपून हां, कारण रक्तातले बरेचसे स्ट्रेन एसटी 23 चे, म्हणजे एकाच वंशाचे, असले तर त्या घराण्याची भांडीकुंडीसुद्धा (आजाराशी संबंध नसलेले जीन) झकास पी-व्हॅल्यू घेऊन वर येतात, त्यामुळे पेअरवाइज कंपॅरिझनचा (नातं लक्षात घेऊन जोड्या तपासणारा) कॉलम बघितल्याशिवाय कुणालाच काही सांगू नका. त्यातही एरोबॅक्टिनचं (लोह ओढून घेणारा रेणू) आययूसी आणि आरएमपीए (चिकटपणा वाढवणारा जीन) बहुतेक वेळा एकाच मोठ्या प्लास्मिडवर (मुख्य गुणसूत्राबाहेरचा डीएनए) बसलेले, मग दोघांपैकी काम कुणाचं हे आकडे सांगूच शकत नाहीत, तिथे नॉकआउटच (एकेक जीन बंद करून बघणं) करावा लागतो.

क्लेबसिएलासाठीच बनलेलं क्लेबोरेट मात्र पैसा वसूल (फुकट असून!). अ‍ॅब्रिकेटला व्हीएफडीबी (आजाराशी संबंधित जीनचा डेटाबेस) लावलं की भली मोठी यादी येते, त्यात एंटेरोबॅक्टिनसारखे जवळपास प्रत्येक क्लेबसिएलात असणारे जीनही असतात. आरएमपीएचाच भाऊबंद आरएमपीए2 ला कव्हरेज जवळपास पूर्ण दिसतं, पण आत जी (डीएनएचं एक अक्षर) च्या ओळीत एखादा जी कमी-जास्त झाला की फ्रेमशिफ्ट होऊन (पुढचं वाचन सरकून) प्रोटीन अर्धवटच बनतं, आणि डीएनए जुळवणाऱ्या टूलला ते कळत नाही. क्लेबोरेट जीनच्या नावापुढेच किती टक्के उरलंय ते लिहितं. प्लेटवरची कॉलनी लूपने उचलल्यावर 5 मिमीपेक्षा लांब तार का निघत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा त्या एका कॉलमात सापडतं. फक्त त्याचा 0 ते 5 चा व्हिरुलन्स (आजार करण्याची ताकद) स्कोअर येर्सिनियाबॅक्टिन, कोलिबॅक्टिन आणि एरोबॅक्टिनवरच ठरतो, आरएमपीए त्यात धरत नाहीत.

आणि पॅनारूत दुर्मिळ प्लास्मिडचे जीन हवे असतील तर स्ट्रिक्ट मोड नको, सेन्सिटिव्ह लावा, कचरा थोडा जास्त येईल.