नॅच मँडेट: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव आणि परत गेलेल्या हप्त्याचे ५९० रुपये

गाडीच्या कर्जाचा हप्ता वर्षभर नॅचवरून, म्हणजे ठरलेल्या तारखेला खात्यातून आपोआप पैसे कापणाऱ्या व्यवस्थेतून, कापला जातोय. त्यासाठी आपण एकदाच दिलेली परवानगी म्हणजे मँडेट. परवापर्यंत कुणी विचारलं असतं तर बिनधास्त घ्या म्हणालो असतो. ५ तारखेला पैसे जायचे, मेसेज यायचा, विषय संपायचा. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच रविवारी आणि बँकेच्या सुट्टीलाही चालतं, त्यामुळे आदल्या दिवशीच खात्यात पैसे ठेवायचे, एवढंच पथ्य.

या वेळी हप्ता परत गेला. खात्यात हप्त्याच्या तिप्पट रक्कम होती. पासबुकात एकच ओळ उमटली: ‘नॅच रिटर्न चार्ज’, ५९० रुपये. म्हणजे ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. फायनान्स कंपनीने आपला बाउन्स चार्ज वेगळा लावला. एकाच हप्त्यावर दोघांचा दंड.

५९० रुपयांत आमच्या घरी आठवड्याची भाजी येते, त्यामुळे रक्कम लहान म्हणून सोडून देणाऱ्यातला मी नाही. पण पैशांपेक्षाही जास्त चीड आली ती त्या ओळीची. हप्ता परत का गेला, हे तिच्यात कुठेच नाही.

वास्तविक कारणाशिवाय नॅचचा व्यवहार परत जातच नाही. हप्ता घेणारी कंपनी तिच्या बँकेमार्फत एनपीसीआयकडे, म्हणजे नॅच चालवणाऱ्या संस्थेकडे, मागणी टाकते, तिथून ती आपल्या बँकेत येते. आपली बँक पैसे देत नसेल तर ठरलेल्या यादीतलं एक कारण लावूनच ती मागणी परत पाठवते. शिल्लक अपुरी, खातं बंद, असं खातं नाही, मँडेट मिळालेलं नाही, खातं गोठवलेलं, वगैरे. हे कारण आपल्या बँकेला माहीत असतं, एनपीसीआयकडे असतं, कंपनीकडे पोचतं. ज्याच्या खिशातून दंड जातो त्या खातेदाराला मात्र कुणी सांगत नाही. बँकेच्या कॉल सेंटरने मला ‘शिल्लक कमी असेल’ म्हणून वाटेला लावलं. खरं कारण कळलं ते फायनान्स कंपनीच्या मुलीकडून. तिच्या स्क्रीनवर स्वच्छ लिहिलेलं होतं: खातं ब्लॉक.

शाखेत गेल्यावर उलगडा झाला. केवायसी नव्याने करायची मुदत उलटली म्हणून खात्यातून पैसे जाणं थांबवलं होतं. मला पत्र नाही, मेसेज नाही. आणि त्याच थांबवलेल्या खात्यातून बँकेने स्वतःचे ५९० मात्र काढून घेतले. हे मला अजिबात पटलेलं नाही.

इथपर्यंत मी नॅचच्याच नावाने बोटं मोडत होतो. आता मत बदललंय. नॅचने आपलं काम चोख केलं होतं, बँकेने लावलेलं कारण कंपनीपर्यंत पोचवलं होतं. घोळ आहे तो बँक ते कारण दाखवत नाही आणि कारण न बघता आकार लावते, यात.

केवायसी पटकन झाली. पत्ता आणि बाकी तपशील बदललेले नसतील तर स्वयंघोषणा पुरते, कागदांचा गठ्ठा लागत नाही. हप्ता कंपनीच्या लिंकवरून भरला, पण त्याआधी मागणी पुन्हा टाकणार नाही असं त्यांच्याकडून ईमेलवर घेतलं. हे नक्की करा. नाहीतर तुम्ही हाताने भरता, दोन दिवसांनी तेच पैसे नॅचवरूनही कापले जातात आणि मग जादा रकमेसाठी हेलपाटे. शिवाय मागणी दुसऱ्यांदा परत गेली तर आकारही दुसऱ्यांदा.

मग ५९०. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९चं परिपत्रक आहे, त्यात उशिराबद्दल दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. तेच पुढे करावं असा विचार होता. वाचल्यावर कळलं की नॅचमध्ये ती दोन प्रसंगी आहे: जमा व्हायचे किंवा परत यायचे पैसे एका दिवसापेक्षा जास्त रखडले तर, आणि बँकेकडे मँडेट रद्द करूनही पैसे कापले तर. माझं प्रकरण दोन्हींत बसत नव्हतं. उपयोगी पडलं ते बँकेचंच दरपत्रक. त्यात हा आकार ‘शिल्लक अपुरी असल्यास’ असा छापलेला आहे. त्या दिवसाची शिल्लक दाखवणारा उतारा आणि ते पान जोडून लेखी तक्रार दिली, परताव्याचं कारण लेखी मागितलं. शाखेने टाळाटाळ केली, पण वर तक्रार गेल्यावर जीएसटीसकट पैसे परत आले.

कारणाचा एवढा आग्रह का, तर वसुलीवाले फोनवर ‘केस होईल’ म्हणतात म्हणून. २००७च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यातलं कलम २५ खरंच कडक आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद, रकमेच्या दुप्पट दंड किंवा दोन्हीही होऊ शकतं. पण ते शिल्लक अपुरी असल्याने किंवा ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा रक्कम जास्त असल्याने व्यवहार नाकारला गेला तर लागतं, तेही लेखी नोटीस मिळून १५ दिवसांत पैसे न दिल्यास. खातं ब्लॉक असल्याचा कागद हातात असेल तर त्या फोनला शांतपणे उत्तर देता येतं. मी दिलं.

मँडेट चालूच ठेवलंय. त्याचा यूएमआरएन, म्हणजे प्रत्येक मँडेटला मिळणारा ओळख क्रमांक, आता वहीत लिहून ठेवलाय, कारण तक्रारीत प्रत्येक जण आधी तोच विचारतो. क्रेडिट रिपोर्टही मागवला. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो, हप्ता परत गेल्यावर बघून घ्यावाच. माझ्यात उशिराची नोंद नाही.

फायनान्स कंपनीचा बाउन्स चार्ज अजून अडकलाय. चूक बँकेची, आमची नाही, असं त्यांचं म्हणणं. कारणाच्या कागदासह त्यांनाही लेखी दिलंय. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार टाकणार, तिला फी लागत नाही. निकाल लागला की इथेच लिहीन.