परत आलेली काच

पुण्यात गाड्यांची मॉडेलं करणाऱ्या कुणाकडे जुन्या किटच्या (सुटे भाग जोडून मॉडेल उभं करायचा प्लास्टिकचा संच) पारदर्शक काचा असतील आणि त्या कुणी 'साचा काढतो आणि लगेच परत देतो' म्हणून मागत असेल, तर हो म्हणण्याआधी हे वाचा. आमच्या गटातल्या चौघांच्या मूळ काचा अशा गेल्या. पैसेही गेले, पण ते सांगण्यासारखे नाहीत. सांगण्यासारखं हे की काचा गेल्यात हे कळायलाच आम्हाला कित्येक महिने लागले, कारण काचा परत मिळाल्या होत्या.

ज्यांना हा छंद नाही त्यांना काचेचं एवढं काय हे कळायचं नाही, म्हणून थोडं सांगतो. काच म्हणजे खरं तर पारदर्शक प्लास्टिकच. किटची बॉडी बिघडली तर पुट्टी भरा, घासा, पुन्हा रंगवा. चाक हरवलं तर दुसऱ्या किटचं बसवा. काचेला यातलं काही चालत नाही. ओरखडा उठला की दिसतो, जवळपास फेविक्विक वापरलं की तिच्यावर पांढरी साय धरते, आणि एकदा तडकली की संपली. पन्नास वर्षांपूर्वीच्या किटची काच कुणी सुटी विकत नाही. आपल्याकडच्या गाड्यांचं तर आणखी अवघड. टाटा सिएरा घ्या, १९९१ ची, आपल्या पिंपरीतली. तिच्या मागच्या बाजूची काच वर वळून छतात शिरते. ती काच हीच ती गाडी. ती नीट जमली नाही तर उरतं ते एक खोकं. सपाट प्लास्टिकचा पत्रा एका दिशेने वाकतो, पण अशा वळणाला नुसता वाकवून पुरत नाही. मग करायचं काय, तर मास्टर (साचा काढायचा मूळ नमुना) घडवा, सिलिकॉनचा साचा काढा आणि पारदर्शक रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारं पातळ प्लास्टिक) ओता.

हे म्हणायला एक ओळ आहे. करडं रेझिन ओतलं तर आतले बुडबुडे रंगाखाली जातात. पारदर्शक रेझिन सगळं दाखवतं. मास्टरवर बोटाचा ठसा राहिला तर सिलिकॉन तो ठसाही प्रामाणिकपणे उचलतं आणि पुढच्या प्रत्येक काचेवर उमटवतं. म्हणून २००० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासायचं आणि वर कंपाउंड मारायचं. प्लॅटिनम सिलिकॉन वापरलं तर गंधक असलेल्या मातीचा किंवा लेटेक्सच्या हातमोज्यांचा स्पर्श झाला तरी ते तिथे चिकट राहतं, घट्ट होतच नाही. पॉलियुरेथेन रेझिनला दमट हवा सोसत नाही: पाण्याशी संयोग झाला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि काचेचा सोडावॉटर होतो. बुडबुडे दाबून टाकायला प्रेशर पॉट आणि कंप्रेसर लागतो, तीन-चार बारचा दाब. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाच्या बायकोला हे सगळं समजावणं हा वेगळा विषय.

तेव्हा जो माणूस नितळ काच ओतून दाखवतो, त्याच्याभोवती आम्ही गोळा होणारच.

रविवारी जुना बाजार धुंडाळून झाला की आम्ही एका मित्राच्या गच्चीवर जमतो. कुणाला गंजलेली डायकास्ट गाडी मिळालेली असते, कुणी बोहरी आळीतून सिलिकॉन आणलेलं असतं, आणि बाकी सगळा वेळ गप्पा. हे गृहस्थ तिथे कुणाच्या तरी ओळखीने आले. वागायला अदबशीर, हाताला फाइलचे घट्टे, खिशात झिपच्या छोट्या पुडीत हेडलाईटच्या काचा आणि एक विंडशील्ड. उन्हात धरून पाहिली, बुडबुडा नाही. भोसरीत टूलरूममध्ये काम करणारा आमचा मित्र कुणाचंच कौतुक करत नाही. तोसुद्धा 'वा' म्हणाला.

पण आम्हाला जिंकलं ते काचांनी नाही, गोष्टींनी. हा माणूस स्वतःच्या फजितीच्या गोष्टी सांगायचा. रेझिन चुकीच्या प्रमाणात मिसळलं आणि डबाच इतका तापला की हातातून टाकावा लागला, पॉलिस्टर रेझिन थेट किटच्या बॉडीवर सांडलं आणि त्यातल्या स्टायरीनने बॉडी विरघळून गेली, असल्या. फुशारक्या मारणाऱ्याकडे पुणेरी माणूस संशयानेच बघतो. स्वतःवर हसणाऱ्याला मात्र आम्ही चहा पाजतो. मग आमच्याही गोष्टी निघाल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या काकांनी त्यांची ती जुनी गोष्ट सांगितली. फियाटचे हेडलाईट सात इंची गोल, म्हणजे १/२४ मध्ये, चोवीसपट लहान मॉडेलवर, साधारण साडेसात मिलिमीटर. तेवढ्या मापाची गोल, फुगीर काच कुठून आणायची? काकांनी आईच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं जमवली आणि त्यांच्या खळग्यांत पारदर्शक एपॉक्सी भरला. मापाची गोळी सापडेपर्यंत घरातल्या सगळ्यांची औषधं त्यांनी व्हर्नियरने मोजली होती. पुढे काचा पिवळ्या पडल्या तेव्हा म्हणाले, फॉग लॅम्प समजा. गृहस्थ डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. कोणत्या साली, कोणती गाडी, आई काय म्हणाल्या, सगळं खोदून खोदून विचारलं. काका खूश.

त्यानंतर बेत ठरला. ज्याच्याकडे दुर्मीळ किट आहे त्याने मूळ काच द्यायची, गृहस्थ साचा काढून मूळ काच आणि दोन नकला परत देणार, साचा गटासाठी राहणार. रेझिन आणि सिलिकॉन मोठ्या पॅकमध्ये घ्यायचं म्हणून प्रत्येकी अडीच हजार आगाऊ. आणखी एक विनंती होती, तेव्हा अगदी रास्त वाटलेली: काच स्प्रूवरून (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या दांडीला जोडलेले येतात ती) कापून, टोक घासून द्या, साच्यात अडचण नको. खरोखरच मास्टर तयार करताना तसं करतात. फक्त त्याने हेही होतं की काच कारखान्यातून आल्याची खूण, ते प्लास्टिक आत शिरल्याचं टोक, तुम्ही स्वतःच पुसून टाकता.

पावसाळा लागला आणि उशीर सुरू झाला. हवा दमट आहे, पॉलियुरेथेन फेसतंय. बरोबर. कंप्रेसरच्या टाकीत पाणी साठतंय, ट्रॅप बसवतोय. तेही बरोबर. एकही सबब तांत्रिकदृष्ट्या खोटी नव्हती, त्यामुळे आम्हीच एकमेकांना समजावत होतो की घाई केली तर काच बिघडेल. सबबीत तुम्हाला विषयातलं जितकं कळतं तितके तुम्ही जास्त मान डोलावता, हे मला या प्रकरणात नवीन कळलं.

गणपती झाल्यावर पुड्या आल्या. प्रत्येकीत तीन काचा: एक मूळ, दोन नकला. नकला सुमार होत्या. किंचित पिवळसर, कडेला बुडबुडे, एका बाजूने बोटाला चिकटणाऱ्या. गृहस्थ ओशाळले, या हवेत एवढंच जमलं म्हणाले, दिवाळीनंतर फुकट पुन्हा ओतून देतो म्हणाले. आम्ही मूळ काच उलटून पाहिली, तिला काही झालं नव्हतं, हायसं वाटलं आणि विषय संपला.

इथे या माणसाच्या हुशारीला दाद द्यावी लागते. दोन नकला मुद्दाम वाईट ओतल्या होत्या. त्या हातात घेतल्यावर शेजारची तिसरी, नितळ काच मूळच असणार याबद्दल कुणाला शंका येईल? तिसरीही नक्कल होती, आणि ती मात्र जीव ओतून केलेली. आम्ही समजत होतो की याला नीट ओतता येत नाही. त्याला आमच्या सगळ्यांपेक्षा उत्तम ओतता येत होतं.

माझ्याकडे काकामामांपैकी एकाने परदेशातून आणलेलं १/२५ चं जुनं अमेरिकन किट होतं. त्याची विंडशील्ड बसवायला घेतली तर ती चौकटीत सैल. बॉडी फुगली असेल असं एकाने सुचवलं, पण पॉलिस्टायरीनची, म्हणजे किटच्या प्लास्टिकची, बॉडी कपाटात बसून फुगत नाही. योगायोगाने ओळखीतल्या एकाकडे तेच किट स्प्रूसकट होतं. व्हर्नियर लावला: साठेक मिलिमीटर रुंदीत माझी काच जवळजवळ अर्धा मिलिमीटर कमी. सिलिकॉनचा साचा, विशेषतः टिनच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारा स्वस्तातला, दिवसेंदिवस आकसतो, रेझिनही थोडं आकसतं. नक्कल मुळापेक्षा लहान निघते, मोठी कधीच नाही. मग टूलरूमवाल्या मित्राने मिठाचं पाणी केलं, लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅम मीठ. पॉलिस्टायरीनची घनता साधारण १.०५, त्या पाण्याची तिच्याहून थोडी जास्त, म्हणून खरी काच तरंगते. एपॉक्सी आणि पॉलिस्टर बुडतात. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकायचा आणि काचेला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने झटकायचे, नाहीतर पाणी खोटं बोलतं. स्प्रूवरची तुलनेची काच वर आली. माझी सरळ तळाला गेली.

ही चाचणी एकाच दिशेने खात्रीची आहे हे ध्यानात घ्या. किटची काच पॉलिस्टायरीनची असेल आणि ती बुडाली, तर बदलली आहे. तरंगली म्हणून मात्र खरी ठरत नाही, कारण काही पारदर्शक पॉलियुरेथेन तेवढीच हलकी असतात. मुळाचं माप आधी लिहून ठेवलेलं असेल तर यातलं काहीच करावं लागत नाही.

चौघांच्या काचा त्या संध्याकाळी पाण्यात गेल्या आणि चारही बुडाल्या. काका काही बोलले नाहीत, फक्त पातेलं धुवून ठेवलं.

मूळ काचा गेल्या कुठे तेही पुढे कळलं. मुंबईच्या एका संग्राहकाला 'काचा शाबूत' म्हणून एक जुनं किट चांगल्या किमतीला विकायला आलं होतं. त्याने फोटो मोठा करून आमच्याकडे पाठवला. मागच्या काचेच्या कोपऱ्यात काकांच्या मुलाने लहानपणी टाचणीने काढलेला ओरखडा होता. जुन्या किटची बॉडी कुठेही मिळते, अडतं ते काचेपाशी. गृहस्थ काचा नसलेली किटं स्वस्तात उचलत आणि आमच्यासारख्यांच्या काचांनी ती पुरी करत. किंमत तिप्पट होते. त्याच संग्राहकाने बोलता बोलता सांगितलं, माणूस फार गमतीचा हो, आईच्या गोळ्यांच्या पाकिटात हेडलाईट ओतायचा.

मला काचेपेक्षा या गोष्टीचा राग जास्त आला. काकांना अजून ते सांगितलेलं नाही.

फोन आता लागत नाही. आम्ही लेखी तक्रार दिली. 'प्लास्टिकची काच?' असं समोरून विचारलं गेलंच, पण संदेश, पैसे पाठवल्याच्या पावत्या आणि दोन्ही काचांचे मापासकट फोटो जोडल्यावर तक्रार घेतली. विश्वासाने दिलेली वस्तू हडप करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये येतं आणि फसवणूक कलम ३१८ मध्ये, हे तिथे आपणच शांतपणे सांगितलेलं बरं. यूपीआयने नुकतेच पैसे गेले असतील तर आधी १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करा, तिथे वेळेला महत्त्व आहे. आमचे पैसे केव्हाच पुढे गेले होते.

आता आमच्या गटात मूळ काच घराबाहेर जात नाही. साचा काढायचा तर सिलिकॉन घेऊन या, माझ्या टेबलावर ओता, घट्ट होईपर्यंत बसा, चहा मी देतो. अगदीच द्यावी लागली तर स्प्रूसकट द्यायची, व्हर्नियरने तीन मापं घ्यायची, दागिन्यांच्या काट्यावर वजन करायचं, आणि चौकटीआड झाकल्या जाणाऱ्या कडेला सुईने खूण करायची. खूण साच्यातही उतरेल हे खरं, म्हणून मापं आणि वजन सोडायचं नाही. रेझिनच्या नावावर आगाऊ पैसे मागितले तर डबा आपण विकत घ्यायचा. आणि नमुना म्हणून कुणी नितळ काच दाखवली तर त्याच साच्यातली दुसरी मागायची. त्याने खिशातून काढलेली काच ओतलेली आहे की कुठल्या किटमधूनच उचललेली, हे एका काचेवरून कळत नाही.

गृहस्थ आता कदाचित नाशिकला किंवा कोल्हापुराला असतील, नाव वेगळं असेल. गोष्ट तीच असेल, कारण ती हमखास हशा पिकवते. गोळ्यांच्या पाकिटातल्या हेडलाईटची गोष्ट कुणी स्वतःची म्हणून सांगू लागला तर हसा, चहाही पाजा, आणि गोळी कसली होती ते विचारा. काकांना गोळीचं नाव, रंग आणि व्हर्नियरवरचं माप आजही पाठ आहे. त्या दिवशी गच्चीवर एवढं खोदून विचारताना गृहस्थांनी नेमकं तेच विचारलं नव्हतं.