एफ म्हणजे जून नव्हे

जुनी इंग्लिश मोटरसायकल घरी आणली त्याच्या एकोणिसाव्या दिवशी मला कळलं की ती जी म्हणून घेतली ती नाहीच. तोवर ओळखीतल्या झाडून सगळ्यांना फोटो पाठवून झाले होते, अभिनंदनं स्वीकारून झाली होती. हे लिहायला इतका उशीर का लागला ते यावरून समजावं.

जाहिरातीत होतं: ट्रायम्फ बॉनव्हिल टी१२०आर, १९७०, इंजिन आणि फ्रेमचा नंबर एकच, म्हणजे दोन्ही कारखान्यापासूनची जोडी. ज्यांना हे वेड नाही त्यांना १९७०चं काय एवढं, असं वाटेल. बॉनव्हिल आली १९५९ साली. तिचं नाव युटामधल्या मिठाच्या मैदानावरून ठेवलेलं, तिथे १९५६ मध्ये ट्रायम्फच्या ६५० सीसी इंजिनावर ताशी २१४ मैलांचा वेग गाठला गेला होता. पुढे १९७१च्या मॉडेलपासून कंपनीनं फ्रेमच्या नळीतच ऑइल भरायला सुरुवात केली, सीट उंच झाली आणि शौकिनांनी नाकं मुरडली. त्यामुळे त्याआधीचं शेवटचं, म्हणजे १९७०चं मॉडेल ज्याला त्याला हवं असतं. मलाही हवं होतं, आणि ते माझ्या तोंडावर लिहिलेलं असणार.

विकणारे गृहस्थ अतिशय मृदू बोलणारे. कसली घाई नाही, ‘दुसरं गिऱ्हाईक येतंय’ वगैरे नेहमीचं नाटक नाही. उलट म्हणाले, “मी सांगतो म्हणून घेऊ नका साहेब, स्वतः ताडून बघा.” आणि ताडायचं कसं तेही त्यांनीच शिकवलं. या काळातल्या ट्रायम्फच्या नंबराआधी दोन अक्षरं असतात. पहिलं महिन्याचं, दुसरं मॉडेलच्या वर्षाचं. सी म्हणजे १९६९, डी म्हणजे १९७०. मग त्यांनी डाव्या बाजूला, सिलिंडरच्या बुडाशी क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीवर, बोट ठेवलं. टी१२०आर, त्यापुढे एफडी, पुढे पाच आकडे. मी अंगठ्यानं बोटांची पेरं मोजली. ए, बी, सी, डी, ई, एफ. सहावं अक्षर. जून! ते नुसते हसले, “बरोबर” असंसुद्धा म्हणाले नाहीत. हँडलखाली फ्रेमच्या डोक्यावर तोच नंबर, कागदांवरही तोच. परीक्षेत पहिला आल्यासारखा मी खूश. त्याच रात्री टोकन दिलं, चार दिवसांत बाकीचे.

आज वाटतं, तपासायचं काय आणि कसं हे विकणाऱ्यानंच ठरवलं तिथेच मी फसलो होतो. पेपर त्यांचा, उत्तरं त्यांची, मी फक्त सही केली.

गाडी चालायला झकास होती, हेही सांगतो. दुसऱ्या किकला सुरू व्हायची. फक्त दोन कार्बोरेटर एकमेकांशी जुळत नव्हते, रिकाम्या गिअरवर ती अडखळायची. त्यासाठी एका जुन्या मेकॅनिकला बोलावलं. वयानं मोठे, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. कार्बोरेटरला हात लावायच्या आधी ते डाव्या बाजूला उकिडवे बसले, रॉकेलच्या फडक्यानं नंबराची जागा पुसली आणि टॉर्च आडवा धरला.

“हिच्या खालचे शिक्के कुठे गेले?”

मला कळेना. काकांनी समजावलं. १९६९च्या आसपासपासून कारखान्यात नंबराच्या जागेवर ट्रायम्फ या नावाचे बारीक बारीक ठसे रांगेनं मारलेले असत आणि त्यांच्यावर नंबर ठोकत. कुणी नंबर घासला की ठसेही जातात, चोरी उघडी पडते. माझ्या गाडीवर ती जागा नखासारखी गुळगुळीत. शिवाय तो भाग क्रँककेसपासून जरा उचललेला असायला हवा. माझ्याकडे त्याच्या कडेला नख जेमतेम अडकत होतं. वरचा थर कानशीनं गेला होता. जाहिरातीतला फोटो पुन्हा उघडून पाहिला, तर नेमका तिथेच फ्लॅशचा चकाका.

“आणि हा एफ कुठून आला रे?” काका म्हणाले. “ट्रायम्फनं एफ वापरलाच नाही. ई मे महिन्याचा, त्यानंतर एकदम जी. जून म्हणजे जी.”

पुढे एच, जे, के, एन, पी आणि डिसेंबरला एक्स. मधली अक्षरं कंपनीनं गाळलेली. म्हणजे ज्यानं तो अक्षराचा पंच ठोकला त्यानंही माझ्यासारखीच पेरं मोजली होती!

नंतर फ्रेमच्या डोक्यावर पेंट रिमूव्हर लावला. रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली घासलेलं लोखंड, आणि टॉर्च तिरका धरला की जुन्या नंबराची सावली. ‘आर’ आणि त्याला चिकटून ६चं पोट. टीआर६आर. ही बॉनव्हिलची सख्खी बहीण: तेच ६५० सीसी इंजिन, तीच फ्रेम, फक्त सिलिंडरवरचं हेड वेगळं आणि दोनाऐवजी एकच कार्बोरेटर. बॉनव्हिलचं हेड मिळवून बसवलं की चालवून फरक कळणं कठीण. काकांच्या मते तर इंजिनही त्या फ्रेमबरोबरचं नव्हतं, म्हणूनच नवा नंबर रचावा लागला. चिडायचं कशावर, तर टीआर६ ही गुणी गाडी आहे, एक कार्बोरेटर असल्यानं जुळवाजुळवीची कटकट नाही. खरी सांगून विकली असती तरी मी घेतली असती.

हे ट्रायम्फपुरतं नाही. एकाच कारखान्यातली स्वस्त आणि महाग भावंडं जिथे आहेत तिथे ही चलाखी होते. बीएसए या दुसऱ्या इंग्लिश कंपनीच्या साध्या बी३३ला महागडी गोल्ड स्टार करतात, कारण दोन्हींचा बोअर-स्ट्रोक, म्हणजे सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव, ८५ बाय ८८ मिलिमीटर. अशा वेळी फ्रेमची उजवीकडची खालची नळी पाहावी. खऱ्या गोल्ड स्टारला तिथे ऑइल पंपासाठी बाक दिलेला असतो. व्हिन्सेंट कंपनीच्या रॅपिडच्या इंजिन नंबरात १ असतो, तिच्याच महागड्या बहिणीच्या, ब्लॅक शॅडोच्या नंबरात १बी. एवढ्या एका ‘बी’साठी किती जणांनी पंच उचलला असेल देव जाणे.

आता कुणी विचारलं तर सांगतो, टोकन देण्याआधी नंबराची जागा पुसून, उजेड आडवा पाडून काढलेला फोटो मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. ट्रायम्फच्या कारखान्यातल्या जुन्या नोंदी इंग्लंडच्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडे आहेत, पत्र पाठवून विचारता येतं. आठवडे लागले तर लागू देत, गाडी पन्नास वर्षं थांबलीच आहे. बघायला जाताना ती गाडी नको असलेला माणूस बरोबर न्या. माझ्याबरोबर आलेला मित्र माझ्याहून जास्त पाघळला होता. आणि दोन्ही नंबर जुळतात म्हणजे एवढंच कळतं की ते एकाच हातानं ठोकलेले असू शकतात. कागदही त्या नंबरावरूनच तयार होतो.

तक्रार दिली आहे. गृहस्थांचा फोन बंद. खाडाखोड केलेल्या नंबराची गाडी रस्त्यावर काढायची नाही असं मला सांगितलं गेलंय, त्यामुळे ती झाकून उभी आहे.

मागच्या महिन्यात एक तरुण मुलगा सुट्या भागांची चौकशी करत आला. कापड काढल्यावर गाडीकडे बघतच राहिला. मी काही बोललो नाही. तो डाव्या बाजूला वाकला, नंबर वाचला आणि त्याचा अंगठा पेरांवरून सरकू लागला.

“जूनची ना, काका?”

मी त्याला बसायला स्टूल दिलं.