सुनेचे कागद आणि शहापूरचं ऑनलाइन केंद्र

सीमेपलीकडून सून आणली असेल तर कागदपत्रांसाठी बेळगावच्या शहापूर खडेबाजारातल्या या चिमुकल्या ऑनलाइन केंद्रातच जा. आमची सून महाराष्ट्रातल्या चंदगडची. माहेर बसनं गाठण्याइतकं जवळ, पण राज्य दुसरं. म्हणून आधारचा पत्ता, रेशनकार्ड, मतदारयादी, सगळंच बदलायचं. दुकानातल्या पोरानं पहिल्यांदाच बजावलं, "मावशी, माहेरच्या रेशनकार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आधी आणा." मतदारयादीतला पत्ता बदलायचा फॉर्म ८ त्यानंच भरला. कन्नड अर्जातली ओळन् ओळ मराठीत सांगितली, मगच सही घेतली. याचं मोल मला फार वाटतं.

मी हायस्कुलात भूगोल शिकवला आहे, त्यामुळे तिथल्या रांगेतल्या नव्या सुना बघून डोक्यात वेगळाच हिशेब चालतो. १९५६ पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होतं. तेव्हाची अशी सून जिल्ह्यातल्या जिल्ह्यात आलेली. आजची सून जनगणनेत परराज्यातून आलेली. कर्नाटकाच्या लोकसंख्येत स्थलांतराची एक भर. उद्या तिला इथं मूल झालं की ते मात्र जन्मांच्या खात्यात जाणार. म्हणून स्थलांतरानं राज्य किती वाढलं, हे नुसती आलेली माणसं मोजून कळत नाही. त्यांची पुढची पिढीही धरावी लागते.

आणि गेलेल्या वजा करायच्या. माझी लेक पलीकडे महाराष्ट्रात, गडहिंग्लजला दिली आहे. सीमाभागात लेकी जातात, सुना येतात. मोठी भर पडते ती कामासाठी येणाऱ्यांची, आणि ती बंगळूरकडे. २००१ ते २०११ मध्ये बेळगाव जिल्हा १३.४ टक्क्यांनी वाढला, बंगळूर शहर जिल्हा ४७ टक्क्यांनी. त्यात आपल्या बेळगावची पोरंही आहेतच, पण त्यांच्यामुळे राज्याचा आकडा वाढत नाही. परराज्यातून आलेल्यांमुळे वाढतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकात बाईमागे सरासरी १.७ मुलं निघाली. लोकसंख्या टिकायला २.१ लागतात. म्हणजे पुढं बाहेरून येणाऱ्यांचं वजन वाढतच जाणार. त्यांना रेशन आणि मत वेळेत मिळावं असं मला मनापासून वाटतं, आणि हे दुकान तेच काम करतं.

बसायला जागा नाही, ही खोट आहे. सर्व्हर बंद असेल तर हेलपाटा पडतो, तेव्हा फोन करून जा. लग्नाचा दाखला मूळ प्रतीसकट न्या, आणि पोचपावती घेतल्याशिवाय उठू नका.